आक्काबाईच्या पाठीवरचा हात

घोडेगावात जनावरांच्या बाजाराकडं जो रस्ता वळतो ना, त्या वळणावरच सोपान पेंटरचं दुकान आहे. पाटीवर अजून 'पेंटर' असंच लिहिलेलं. आत गेलात तर ब्रश नाही, रंगाचा डबा नाही, टर्पेंटाईनचा वास नाही. एक कॉम्प्युटर, एक फिरती खुर्ची, आणि पडद्याला नाक लावून बसलेला सोपान. कुणी नवखा विचारतोच, "पेंटर कुठंय?" सोपान मान न वळवता म्हणतो, "रंगवतोच हाय की. बसा."

एके काळी या माणसाचा हात असा चालायचा की टेम्पोवाले भाडं सोडून गाडी त्याच्या दारात उभी करायचे, मागच्या फळीवर गाय-वासरू काढून घ्यायला. त्यानं काढलेल्या गाईकडं बघून बाजारातलं खरं वासरू हंबरलं म्हणतात. खरं-खोटं त्या वासराला ठाऊक, पण सोपाननं ती गोष्ट कधी नाकारली नाही. मग फ्लेक्स आले. वाढदिवसाचे, निवडीचे, दहाव्याचे, सगळे छापूनच. सोपानचे ब्रश डब्यात वाळून पार काटक्या झाले.

दुकान वाचवलं त्याच्या लेकीनं, धनश्रीनं. श्रीरामपूरला राहून ती कॉम्प्युटर शिकली आणि बापाच्याच दुकानात लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग करू लागली. मिक्सिंग म्हणजे शूटिंगवाल्यानं आणून दिलेलं लग्न कापायचं, जोडायचं, त्यावर गाणी टाकायची. गावाकडची माणसं अजून त्याला कॅसेटच म्हणतात. सोपान आपला लेकीला चहा आणून द्यायचा आणि कप घेऊन परत जायचा. पण एक दिवस तो कप हातात धरून तसाच उभा राहिला.

पडद्यावर हळदीचा मांडव होता आणि ऐन पाटापुढं एक कुत्रं पसरलं होतं.

"आप्पा, हे कुत्रं काढायचंय," धनश्री म्हणाली.

"हाड म्हनू का?"

"बघा तर." तिनं चित्रण पुढं सरकवलं. कुत्रं उठलं, अंग झाडलं आणि निघून गेलं. "आता तिथली जमीन मोकळी दिसतीय ना? ती उचलायची आणि मागं नेऊन कुत्र्यावर टाकायची. झालं."

"म्हंजे, कुत्रं उठल्यावर दिसनारी जमीन कुत्रं उठायच्या आदीच तिथं आनायची?"

"व्हय."

सोपान मटकन बसला. आयुष्यभर त्यानं चुकलेल्या अक्षरावर शेजारचा रंग ओढला होता. तो सगळा जागेवरचा खेळ. इथं पोरगी वेळेतून जमीन उचलत होती. आणि खरी मजा पुढंच. कॅमेरा तर हलत होता, डावीकडं जात होता, जवळ येत होता, तरी ती टाकलेली जमीन जराही घसरत नव्हती. धनश्रीनं सांगितलं, त्याला ट्रॅकिंग म्हणतात. जवळची एखादी खूण कॉम्प्युटरला दाखवून द्यायची, मग ती खूण जाईल तिकडं हा तुकडा जातो.

"बैलाच्या पाठीवर बगळा बसतो तसं की गं!" सोपान ओरडला. "बैल कुठंबी जाऊ दे, बगळा जागा सोडत न्हाई!"

त्या दिवसापासून तो त्या खुर्चीवरून उठला नाही म्हणा ना. धनश्री लग्न होऊन सुप्याला गेली, नवरा-बायको दोघंही तिथं कंपनीत. जाण्याआधी तिनं बापाला सगळं शिकवलं होतं. हळूहळू आजूबाजूच्या शूटिंगवाल्यांत नाव झालं की नको ते काढावं तर सोपाननं. नवरीच्या डोक्यामागं उगवलेला विजेचा खांब काढला. मंगलाष्टकं चालू असताना स्टेजवर जांभई देणारा पाहुणा काढला. बुलेटवरून येणाऱ्या नवरदेवाच्या मागं पळणारी शेळी काढली. हात लागला की चीज नाहीशी, आणि मागं जे असायला हवं तेच तिथं.

चुकायचाही. एकदा जावळाच्या कार्यक्रमात बाळाच्या गोऱ्या गालावर काळा डाग दिसला. याला वाटलं, काजळ फासलं गेलंय. अख्ख्या कॅसेटमधनं त्यानं तो डाग मन लावून पुसला. दुसऱ्या दिवशी बाळाची आजी दारात. "आरं मुडद्या, माझ्या नातवाची तीट कुटं गेली? येवढ्या लोकांनी कॅसेट बघायची, दृष्ट कुनाला लागंल, तुला?" मग सोपाननं त्याच ट्रॅकिंगनं तीट परत लावली. बाळ मान वळवतंय, हसतंय, रडतंय, आणि तीट गालाबरोबर फिरतेय. आजीनं पडद्यापुढंच कडाकडा बोटं मोडली, तेव्हा कुठं ती शांत झाली.

अशा या सोपानकडं भीमराज आण्णा आला.

भीमराज म्हणजे कालव्याच्या पाटापलीकडच्या वस्तीवरचा बागाईतदार. आवाज मोठा, मिशा त्याहून मोठ्या. त्याच्या पोराचं, ओंकारचं लग्न नुकतंच झालं होतं आणि त्याचं सगळं चित्रण सोपानकडं मिक्सिंगला पडलं होतं.

"कॅसेट झाली का रं?"

"व्हतच आली. आण्णा, वरातीला गाणं कंचं टाकू?"

"गाणं कंचंबी टाक. आदी कानिफ्याला काढ."

"कुठनं काढू?"

"सगळीकडनं."

कानिफनाथ हा भीमराजचा सख्खा धाकटा भाऊ. लग्नात नुसता राबला होता तो. मग झालं काय, तर बैल. भावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा जमीन वाटली, विहिरीचं पाणी वाटलं, बैलजोडी मात्र कुणी वाटली नव्हती. हौशा भीमराजचा, गुलब्या कानिफचा, पण दावण एकच, भीमराजच्या गोठ्यात. लग्नाची हळद उतरली आणि कानिफनं दारात छोटा ट्रॅक्टर आणला, गुलब्याला बाजारात नेऊन विकून टाकलं. भावाला एका शब्दानं विचारलं नाही. तेव्हापासून हौशा वैरणीला तोंड लावेना, रस्त्याकडं तोंड करून उभा राही. भीमराजला ते बघवत नव्हतं. भावाचं नाव त्यानं घरात बंद करून टाकलं.

"आन् आक्काबाईला काय वाटंल?" सोपाननं विचारलं. आक्काबाई ही दोघांची आई. राहायला भीमराजकडं. पाठीला बाक आलेला, गुडघे गेलेले, डोळे मात्र घारीसारखे.

"तिच्यासाटनंच काढायचाय," भीमराज म्हणाला. "सारखा एकच धोशा. कॅसेट आन, माजी दोनी पोरं एकाजागी बगू दे. कॅसेटीतबी न्हाई दिसला म्हंजे नाद सुटंल तिचा. आन् पावने येनार हायती सुनंच्या म्हायेरचे, लग्नाला यायला न जमलेले. त्यांच्याम्होरं लावायची. त्ये इचारत्याल, ह्यो कोन? मी काय सांगू?"

सोपाननं मान खाजवली. हे काम करू नये असं त्याचं मन सांगत होतं. पण हाताला सुरसुरी सुटली होती, हेही खरं. खांब काढले, कुत्री काढली, शेळी काढली. अख्ख्या लग्नातनं अख्खा माणूस काढायला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

"बगतो," तो म्हणाला.

सुरुवात सोपी गेली. कानिफ मांडवाच्या खांबाला टेकून उभा, काढला. मागं निळी कनात होती, तो जरा हलला होता तेव्हाची कनात आणली, बसवली. कानिफ वरातीत नाचतोय, काढला, मागची माणसं पुढं आली. एका गोष्टीचं मात्र सोपानला राहून राहून नवल वाटायचं. माणूस उभा असतो तिथंही त्याच्यामागं जग चालूच असतं. कुणी पाणी पितंय, कुणी पोराला दटावतंय. आपल्याला दिसत नाही एवढंच. एक पाऊल सरकला माणूस, की ते सगळं दिसतं. सोपान ते जपून वेचायचा आणि त्याच्या जागी भरायचा.

मग माणूस गेला आणि सावली राहिली. मांडवाबाहेर उन्हात कानिफची सावली लगबगीनं इकडून तिकडं जात होती, वर माणूसच नाही! सोपानच्या अंगावर काटा आला. सावली पुसली. तर स्टीलच्या पाण्याच्या टाकीत कानिफचं तोंड, फुगलेलं, वाकडं. तेही पुसलं. एक माणूस मांडवात किती ठिकाणी असतो, हे सोपानला तोवर ठाऊक नव्हतं.

आणि खरी पंचाईत पंगतीत झाली. कानिफ बुंदीची बादली घेऊन वाढत होता. कानिफ काढला. बादली कुठं काढणार? काढली तर ताटात बुंदी येतेय कुठून? राहू दिली. मग काय, बादली आपली आपण पंगतीतून चालली आहे, पळी आपली आपण बुडतेय, ताटात पडतेय, आणि पाहुणे हात आडवा करून हवेला सांगताहेत, "बास, बास!"

ते बघायला भीमराज आला तेव्हा आधी पोट धरून हसला.

"भुताटकी केली का रं लग्नात?"

"तुमीच म्हनलात, काढ."

"पुडं दाव."

पुढं अंतरपाट आला. त्याचं एक टोक नवरीच्या मामानं धरलं होतं, दुसरं कानिफनं. आता एका बाजूला मामा होता, दुसऱ्या बाजूला कुणीच नाही, आणि पांढराशुभ्र कपडा ताणून उभा. कपड्याच्या अलीकडं ओंकार, पलीकडं त्याची नवरी दिशा. अक्षता उडताहेत. कापडाचं ते टोक जरासुद्धा खाली येत नाही.

भीमराजचं हसू विरलं. तो खुर्ची ओढून जवळ बसला. "येवढा येळ त्यो हात वर करून हुता?"

"सगळी मंगलाष्टकं. भटजींनी चांगली लांबवली हुती."

"हं. पुडं."

"पुडं अडलंय, आण्णा."

पुढं आक्काबाई होती. बिऱ्हाडाच्या खोलीपासून मांडवापर्यंत तिला चालवत आणलं होतं, ते चित्रण. अंगावर हिरवं लुगडं, नाकात नथ, चेहऱ्यावर असं तेज की बघत राहावं. आणि तिच्या पाठीवर कानिफचा हात. दुसऱ्या हातानं त्यानं तिचा हात धरलेला.

"ह्यात काय अडलं?"

सोपाननं चित्रण पुढं नेलं, मागं नेलं, पुन्हा पुढं नेलं. "आण्णा, माझं काम कसं हाय बगा. हिथला मानूस काढायचा म्हनलं की त्याच्यामागचं मला कवातरी दिसलं पायजे. कुत्रं उठलं तर खालची जमीन दिसती. मानूस सरकला तर मागची कनात दिसती. दिसलं की मी आनतो, कुठूनबी आनतो. पर ह्यो हात बगा. दारातनं निघाला तवा पाठीवर. पायरी उतरला, पाठीवर. मंदी कुनीतरी नमस्काराला वाकलं, तरी पाठीवर. खुर्चीत बसवली तवासुदीक हात खुर्ची अन् पाठ ह्यांच्या मंदी. हातामागचं लुगडं कॅमेऱ्याला एकदाबी दिसलं न्हाई. मी आनू कुठनं?"

कालपासून तो ही जागा शोधत होता. चित्रं एकेक करून सरकवली होती, नुसता एक क्षण हवा होता ज्यात तो हात उचलला गेलाय. घाम पुसायला, मोबाईल घ्यायला, माशी हाकायला. माणूस दुसऱ्याला एवढं न सोडता धरतो का कुठं? त्यानं आजवर शेकड्यानं लग्नं पाहिली होती, असा हात पाहिला नव्हता.

"मग ह्यो तुकडाच काप," भीमराज म्हणाला.

"कापतो. पर आक्काबाई दुसरीकडं कुठं न्हाईच. नंतर ती खुर्चीत बसली, म्होरं सगळी गर्दी. ह्यो तुकडा गेला तर नातवाच्या लग्नात आजी न्हाई."

भीमराज खुर्चीतून उठला. मग म्हणाला, "काय बी कर, पर आई ठेव. त्याला काढ."

सोपाननं सुप्याला फोन लावला. धनश्री म्हणाली, "आप्पा, आता कॉम्प्युटरात नवीन एआय आलंय. त्याला सांगायचं, हे काढ, आणि मागचं तो आपल्या मनानं भरतो. मी इथनं करून पाठवते."

तिनं पाठवलं. बघतो तर काय, हात गायब, कानिफ गायब, आणि आक्काबाईला नवी कोरी पाठ! लुगड्याच्या चुण्या कशा, जर कशी, विणकराला जमणार नाही इतकी रेखीव. सोपाननं तोंडात बोट घातलं. न पाहिलेलं लुगडं या यंत्रानं विणलं कुठून! पण पाठ सरळ होती. बाक नाही, वाकणं नाही. ताठ मानेनं एक बाई मांडवात चालली होती.

भीमराजनं दुसऱ्या दिवशी ते पाहिलं. आईला गुडघ्याच्या औषधाला घोडेगावात आणलं होतं. तिला बाहेरच्या बाकावर बसवून तो आत आला होता.

"ही कोन?" तो म्हणाला.

"आक्काबाई."

"येवढी ताठ? माजी आई?" त्याचा आवाज चढला. "आरं, आमचे दोगांचे भारे उचलून वाकली ती! ती पाट कुटं गेली?"

"कुनाची पाट?" दारातून आवाज आला. आक्काबाई भिंत धरत धरत आत आली होती. "कॅसेट बगताय व्हय रं चोरून? मला बाहीर बसवून?"

आता तिला थांबवणार कोण? सोपाननं उठून आपली खुर्ची दिली. म्हातारीनं पडद्याकडं निरखून पाहिलं.

"ही कुनाची सून?"

"तूच हायस," भीमराज पुटपुटला.

"मी?" आक्काबाई खुदकन हसली. "मेल्यांनो, मला पोरगी केली का?" मग तिनं मान तिरकी केली. पडद्यावरची बाई चालत होती आणि तिचा एक हात बाजूला, हवेत, कशावर तरी टेकलेला. "पर ह्यो हात मी कशावं ठिवलाय? आधारच न्हाई काय. पडत कशी न्हाई मी?"

बाहेर एक ट्रक भोंगा वाजवत गेला.

"सोपाना, कानिफ हुता तिथं." म्हातारीचे डोळे पडद्यावरून हलले नव्हते. "म्हनत हुता, आई, खाली बगू नको, मी बगतो, तू नातवाकडं बग. म्हनून मी मान वर करून चालले. त्यो कुटं गेला?"

सोपाननं भीमराजकडं पाहिलं. भीमराज मिशीला पीळ द्यायला गेला आणि हात तसाच राहिला.

"मी काढाय सांगितला," तो म्हणाला.

आक्काबाई ओरडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "तू कुटं हुतास रं तवा, भीमा? मला आनताना?"

"गेटावर. पावन्यांस्नी फेटे बांदत हुतो."

"बरुबर हाय. थोरल्यानं गेटावरच हुबं ऱ्हायाचं." ती पुन्हा पडद्याकडं वळली. "पर मग मला कुनी आनली म्हनून सांगायचं त्या पावन्यांस्नी?"

भीमराज बराच वेळ त्या ताठ बाईकडं बघत राहिला. ती खुर्चीत बसायची, चित्रण संपायचं, सोपान पुन्हा पहिल्यापासून लावायचा. तिसऱ्यांदा ती बसली तेव्हा भीमराज म्हणाला, "आन त्याला."

"ह्या तुकड्यात?"

"येवढ्यातच कसा? पावने म्हनतील, मधीच कुठनं उगावला? सगळीकडं आन." आणि मग, जरा खाली बघून, "बैलाचं मी इसरनार न्हाई, हां. ते निराळं."

"निराळंच हाय ते," आक्काबाई म्हणाली. "त्याला मीबी इचारनार हाय."

सोपाननं माउस धरला. काढलेलं परत आणायला मेहनत नसते, वर टाकलेले थर बंद करायचे एवढंच. पण त्यानं घाई केली नाही. आधी टाकीच्या स्टीलमध्ये वाकडं तोंड उमटलं. मग उन्हात सावली आली आणि सावलीवर माणूस उभा राहिला. बादलीला हात आला. अंतरपाटाच्या टोकाशी दोन मुठी आल्या, मुठींमागं मनगटं, मग घामानं भिजलेला सदरा. इतकी वर्षं नको ते पुसणारा सोपान पहिल्यांदाच माणूस उगवताना बघत होता, आणि त्याला वाटत होतं, आपण हे करतच नाही आहोत, हे आपलं आपण होतंय.

"जरा सावकाश आन," भीमराज म्हणाला.

शेवटी आक्काबाईची पाठ आली. पुन्हा वाकली, पुन्हा बाक आला, आणि त्या बाकावर पालथा पंजा येऊन बसला. म्हातारीनं पुढं वाकून पडद्यावरच्या त्या पंजाला बोट लावलं. काच थंड होती, तरी तिनं बोट काढलं नाही.

"बग," ती म्हणाली. "नकं वाडलीत. कापाय येत न्हाईत का ह्याला?" मग आणखी जवळ जाऊन, "आन् हे वरलं बटान तुटलंय सदऱ्याचं. येवढ्या लग्नात तसाच फिरला माजा लेक. मला तवा दिसलंच न्हाई, मी वर बगून चालत हुते ना."

"मी लावून देऊ का बटन?" सोपान म्हणाला. "कॉम्प्युटरवर? आत्ता लावतो, कुनाला कळनारबी न्हाई."

"नको," आक्काबाई म्हणाली. "ते मीच लावीन, सुई-दोऱ्यानं. भीमा, ऊठ. घरला जाताना गाडी त्याच्या वस्तीवरनं घे."

"तिकडं रस्ता खराब हाय, आई. हादरे बसतील तुला."

"बसू दे."

भीमराजनं आईला गाडीवर बसवलं. किक मारायच्या आधी हात मागं नेऊन तिचा पदर चाकात जात नाही ना, हे त्यानं चाचपून बघितलं. सोपान दारात उभा होता. गाडी पाटापर्यंत सरळ गेली, तिथं जरा थांबली, इतकी की सोपानला वाटलं बंद पडली. मग ती धूळ उडवत कानिफच्या वस्तीच्या कच्च्या रस्त्याला वळली.